प्रार्थना चालू आहे

ब्रुकलिन
सोमवार, १३ मार्च १९७२

चि. टिलीस इस्मे मावशीचे अ. उ. आ., आणि सोबत एक चापट, पत्रातून पोचत असेल तर.

काल उपासना संपली, मी चर्चच्या दारात उभी राहून हातमोजे काढत होते. तेवढ्यात कारभारी मंडळातल्या डीकन कॉर्बिनच्या बायकोने, लव्हिनियाने, माझ्या हातात वर्तमानपत्र ठेवलं आणि पायऱ्या उतरून गेली. मी उभ्या उभ्या वाचलं. तू म्हणे शिकागोच्या सभेत म्हणालीस, की आमचे पुरुष आमच्यासाठी दार उघडून धरतात खरे, पण ते दार स्वयंपाकघराचं असेल तरच. छापून आलंय, तुझ्या फोटोसकट. फोटो बरा आहे. टोपी चांगली बसली आहे. पण हे तू खरंच बोललीस का ग? पेपरवाल्यांनी पदरचं घुसडलं असेल तर लगेच कळव, मी मंडळीसमोर उभी राहून सांगेन.

आपल्या भागाने तुला निवडून वॉशिंग्टनला कायदेमंडळात पाठवलं, काळ्या बाईला पाठवलं, तेव्हा याच पुरुषांनी जिन्यावर जिने चढून तुझी पत्रकं वाटली होती. आता ते एकमेकांकडे बघतात आणि मग माझ्याकडे बघतात. डीकन कॉर्बिन पक्षाचा उमेदवार ठरवायच्या जूनच्या निवडणुकीत तुझ्याविरुद्ध उभे राहिलेत हे तुला ठाऊक आहेच. तुझ्या या वाक्याने त्यांना घरबसल्या प्रचार मिळाला. माणूस वाईट नाही, टिली. त्यांच्या अंत्यसंस्काराच्या दुकानाने ब्रुकलिनमधल्या आपल्या निम्म्या लोकांना नीट, मानाने पुरलंय. तुझा क्लेमंट काका गेला तेव्हा हाताखालची माणसं असताना त्यांनी स्वतः खांदा दिला. ते मी विसरणार नाही.

दुसरा धक्का ओडेसाचा. आपल्या दारसेवेतली ओडेसा ग, जी डाव्या दाराला उभी असते. तिची नोकरी गेली. कोणा मिसेस व्हिटलॉककडे मॅनहॅटनमध्ये ती स्वयंपाकपाणी बघायची. ती म्हणते, हे तुझ्यामुळे झालं. मी म्हटलं, माझी टिली असं करणार नाही.

फोन करू नकोस. फोनवर तू मला गप्प करतेस. पत्रात मला शेवटपर्यंत बोलू द्यावं लागतं.

नारळाचा पाव पाठवलाय, तो ऑफिसातल्या पोरींना सगळा वाटून टाकू नकोस. माझ्यावरचा जीव आहे तसाच असू दे, माझा तर रागावूनही हलत नाही.

तुझी
इस्मे मावशी


वॉशिंग्टन
१७ मार्च १९७२

ती. इस्मे मावशीस टिलीचा सा. न. वि. वि.

चापट पोचली. पावही पोचला. पोरींना एकेक तुकडाच दिला.

वाक्य माझंच आहे. पेपरवाल्यांनी काही घुसडलं नाही, उलट पुढचं गाळलं. मी पुढे म्हणाले होते, की मला वाढवलं ते दार सांभाळणाऱ्या बाईनेच, म्हणून कुठलं दार कोणासाठी उघडतं ते मला लहानपणापासून दिसत आलंय. आई गेल्यावर दर रविवारी मी तुझा झगा धरून त्या दारात उभी असायचे, आठवतंय ना?

आता ओडेसाचं ऐक. मिसेस व्हिटलॉक ही स्त्रियांच्या हक्कांच्या चळवळीतली मोठी बाई. तिच्या घरी आमची बैठक होती. दार उघडलं ते ओडेसाने, पांढरा एप्रन लावून. मी थक्क झाले, तीही झाली. मी तिला मिठी मारली, तर ती लाकडासारखी ताठ उभी. आत मिसेस व्हिटलॉक तासभर बोलली, इतकं सुंदर बोलली की दोघीतिघींनी डोळे पुसले. बाईचे कष्ट कोणी मोजत नाही, बाईला माणूस समजत नाहीत, असं सगळं. आणि बोलता बोलता तिने मागे न बघता हात नुसता वर केला. ओडेसा थाळी घेऊन पुढे आली. मावशी, त्या बाईने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी उठले, बशी घेतली आणि स्वयंपाकघरात जाऊन ओडेसाच्या शेजारी स्टुलावर बसून जेवले. मिसेस व्हिटलॉकचा चारचौघींत अपमान झाला. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

तिची नोकरी गेली हे तुझ्या पत्रातून कळलं. मी जायला हवं होतं तिच्याकडे. जाईन.

दुसरा धक्का माझ्याकडूनही घे. घरकाम करणाऱ्या बायकांना किमान वेतनाच्या कायद्यात घ्या, एवढंच माझं विधेयक. दुकानातल्या पोऱ्याला कायदा आहे, घर पुसणाऱ्या बाईला नाही. समितीत मी ते मांडलं, तर दक्षिणेकडचे एक म्हातारे सभासद म्हणाले, की असा कायदा केला तर उद्या आमच्या बायकाही पगार मागतील. सगळे हसले. त्याचं मला काही वाटलं नाही, त्यांचं हसणं मी रोज ऐकते. पण आपले दोघे, आपल्याच रंगाचे, माझ्या दोन्ही बाजूंना बसलेले, तेही हसले. मी एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. दोघांच्याही आया घरकाम करून गेल्या, मला माहीत आहे. बाहेर आल्यावर एकाने मला समजावलं, की आधी काळ्या माणसाचं बघू, मग बाईचं. मी विचारलं, मी आज कोण म्हणून आले आहे ते सांगा, म्हणजे उरलेली मी घरी ठेवून येते.

जूनमध्ये मी पडले तर विधेयकही माझ्याबरोबर पडेल, कारण ते उचलायला दुसरं कोणी नाही. म्हणून मला आपल्या लोकांसमोर उभं राहून हे सांगायचंय. पास्टर मेल्बर्न यांनी चर्चच्या मेमधल्या महिला रविवारी बोलायला बोलावलंय. येते.

तुझ्या रागातसुद्धा मला जागा ठेव.

तुझी
टिली


ब्रुकलिन
३० एप्रिल १९७२

चि. टिलीस मावशीचे अ. उ. आ. वि.,

लिहू की नको करता करता सहा आठवडे गेले. आता लिहिल्यावाचून गत्यंतर नाही.

ओडेसाला मी तुझं सगळं वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, की टिलीला माझ्या शेजारी बसून जेवायचं होतं तर तिने आधी मला विचारायचं होतं. ते स्वयंपाकघर माझं होतं. तिला बरं वाटलं आणि माझी चूल गेली. मीही फ्लॅटबुशमधल्या गोऱ्यांच्या त्या घरात तुझी शाळा होईतो फरशा पुसल्या. तिथे कोणी असं माझ्या शेजारी येऊन बसलं असतं तर मी भीतीने मेले असते. कायद्याचं तुझं खरं आहे. पण ओडेसाचंही खरं आहे.

आता खरी गोष्ट. डीकन कॉर्बिन बुधवारी घरी आले. टोपी गुडघ्यावर ठेवून बसले, मॉबीचं सरबत घेतलं, तब्येत विचारली. मग म्हणाले, की जे आहे ते तुम्हाला तोंडावर सांगणं मला योग्य वाटतं, सिस्टर गिटन्स. महिला रविवारी टिली बोलायला उभी राहिली की सगळे डीकन उठतील, आपापल्या घरच्यांना घेऊन बाहेर पडतील. बाहेर पेपरचा फोटोवाला असेल. तुम्ही तेवढी दोन्ही दारं एकदम उघडा, म्हणजे म्हाताऱ्यांची चेंगराचेंगरी होणार नाही. ते इतक्या सभ्यपणे बोलत होते की मला रागावताही येईना. अर्धी मंडळी आपल्याच लेकीकडे पाठ करून बाहेर पडतेय असा फोटो दुसऱ्या दिवशी छापला की जूनमध्ये काय होणार ते मला कळतं. मी अडाणी नाही.

तू म्हणशील, मग मावशी, दार लाव. ते मला सांगू नकोस. दारसेवेची प्रमुख म्हणून माझं काम काय, हे तू लहानपणापासून पाहिलंयस. बायबलवाचन चालू असेल, कोणी एकटी गात असेल किंवा प्रार्थना चालू असेल, तेवढ्या वेळात दारातून कोणी आत येत नाही की बाहेर जात नाही, मग तो महापौर का असेना. बाकीच्या वेळी जो जाईल त्याला मी दार उघडून देते. माणूस आवडता की नावडता, ते मी बघत नाही. भाषण ते भाषणच. त्यांनी जायचं म्हटलं तर मी उघडणार. आपल्या माणसासाठी एकदा नियम मोडला की मग ते दार देवाचं राहत नाही, माझं होतं.

आणखी एक. वरच्या व्यासपीठावर बाईला पाय ठेवता येत नाही हे तुला नव्याने सांगायला नको. तू खालच्या स्टँडपाशीच उभी राहशील, अशी अट पास्टरांनी घातली आहे. तिकडे वॉशिंग्टनच्या सभागृहात तू उभी राहतेस, आणि इथे आपल्या घरात तुला खाली उभं करतात. हे लिहितानाच मला पहिल्यांदा त्याचा धक्का बसला. इतकी वर्षं बघतेय, कधी काही वाटलं नव्हतं.

अजून वेळ आहे. एखादा शब्द मागे घे ग. कमीपणा नाही त्यात.

माया कमी झाली असं समजू नकोस, काळजी वाढली आहे एवढंच.

तुझी
इस्मे मावशी


वॉशिंग्टन
५ मे १९७२

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिन्ही वेळा तेच निघालं.

म्हणजे तू त्यांना दार उघडून देणार. डीकन कॉर्बिन उठतील हे मी धरून चाललेच होते. तू दोन्ही दारं धरून उभी असशील, हे धरलं नव्हतं. मला वाढवणारी बाई माझ्या पाठीशी नसेल, तर मी तिकडे दक्षिणेच्या म्हाताऱ्यांना काय सांगू?

शब्द मागे घेणार नाही. मागे घेतला तर दुसऱ्या दिवशी विधेयकही मागे घ्यायला सांगतील, तेही असंच सभ्यपणे, टोपी गुडघ्यावर ठेवून.

गेल्या आठवड्यात ब्रुकलिनला येऊन गेले, तुला न भेटता. ओडेसाकडे गेले होते. तिने दार उघडलं नाही. आत रेडिओ चालू होता, माझा आवाज ऐकल्यावर तिने तो मोठा केला. मी जिन्यात थोडा वेळ उभी राहिले आणि परत आले. तिचं बरोबर आहे, हे मलाही जिना उतरताना कळलं.

२१ तारखेला येते. आईची निळी टोपी घालीन. तू नेहमीच्या जागी असशीलच.

तुझ्या नियमांना माझा नमस्कार सांग. तुझ्यावरचा लोभ मी काही मोडणार नाही, पण आज तो दुखतोय.

टिली


ब्रुकलिन
सोमवार, २२ मे १९७२

चि. टिलीस मावशीचे अ. उ. आ. वि.,

काल तू हात न हलवता गाडीत बसलीस आणि गेलीस. बरोबर केलंस, नाहीतर तिथेच आपली दोघींची रडारड झाली असती. पण जे झालं ते तू पाहिलेलं नाहीस. तुझे डोळे मिटलेले होते. सगळ्यांचेच मिटलेले होते. प्रार्थनेत डोळे उघडे ठेवायची मुभा आम्हा दारसेवेच्या बायकांनाच असते. म्हणून लिहिते.

पास्टरांनी तुझं नाव घेतलं, तू खालच्या स्टँडपाशी आलीस. समोरच्या बाकावर सगळे डीकन, काळ्या सुटात. डीकन कॉर्बिननी कोटाचं बटण लावलं, ती त्यांची खूण होती. बाक करकरला. मी दाराच्या मुठीवर हात ठेवला, ओडेसाला डोळ्यांनी सांगितलं की तूही धर. मनात म्हटलं, प्रभू, हे मला बघायला लावू नकोस. ते अर्धे उठले होते, आणि तू म्हणालीस, "बंधुभगिनींनो, आपण प्रार्थना करू या."

माझा हात आपोआप मुठीवरून निघाला आणि पाठीमागे गेला. तो मी नेला नाही, टिली. प्रार्थनेत दारसेवेच्या बायका तशाच उभ्या राहतात, इतक्या वर्षांची सवय. ओडेसाचाही गेला. बाकांमधल्या वाटेवर उभ्या दारसेवेच्या सगळ्या पोरींचे हात पाठीमागे. सगळी माणसं खाली मान घालून बसली. अर्धे उठलेले डीकनही बसले. प्रार्थनेत उभं राहून चालायला लागेल असा माणूस आपल्यात जन्माला आलेला नाही.

मला वाटलं, दोन शब्द देवाचे मानशील आणि भाषण सुरू करशील. तू सुरूच राहिलीस. तू देवाला कायदा समजावून सांगायला लागलीस. कुठलं कलम, त्यात कोण येतं, कोण येत नाही, समितीत कोण हसलं, सगळं. देवाला आता ते विधेयक तोंडपाठ झालं असेल. पास्टर मेल्बर्न यांनी एक डोळा किलकिला केला आणि परत मिटला. मग तू माझे गुडघे काढलेस. म्हणालीस, "हे गुडघे तुझ्यासमोर टेकायच्या आधी परक्यांच्या फरशीवर झिजले, बापा." अख्ख्या मंडळीसमोर माझे गुडघे. मी लाजेने मरायची, पण मागच्या बाकावरून म्हाताऱ्या अगाथाचा आवाज आला, हो, प्रभू. मग दुसरीचा आला. मग तर बायकांचे आवाज भिंतीला लागले, आणि प्रत्येकीचे डोळे मिटलेले. कोणाचं कोणाकडे लक्ष नाही, म्हणून कोणाला कोणाची लाज नाही. सगळ्यात मोठा आवाज कोणाचा होता सांगू? लव्हिनिया कॉर्बिनचा. तू स्वयंपाकघराच्या दाराचं ते वाक्य देवाला परत सांगितलंस ना, तेव्हा.

तिचा आवाज डीकननी ओळखला. ते उठले. खरंच उठले. बाकांमधल्या वाटेने एकटेच चालत माझ्यापर्यंत आले. घामाने चेहरा चमकत होता. हळूच म्हणाले, "सिस्टर गिटन्स, दार उघडा." क्लेमंटला खांदा दिलेला माणूस माझ्यासमोर उभा होता. मी म्हटलं, "प्रार्थना चालू आहे." ते म्हणाले, ही प्रार्थना नाही. मी म्हटलं, ते ठरवणारी मी कोण, आणि तुम्हीही कोण. मग ते तिथेच, दारापाशी, टोपी हातात घेऊन, मान खाली घालून उभे राहिले. दुसरं करणार काय?

आणि मग तू ओडेसाचं नाव घेतलंस. म्हणालीस, की मी तिच्या स्वयंपाकघरात माझ्या स्वतःच्या अभिमानासाठी गेले, आणि भाकरी तिची गेली. मला क्षमा कर, आणि तिला असा कायदा दे की तिला माझ्या दयेची गरज पडू नये. मी डाव्या दाराकडे पाहिलं. ओडेसा एक हात पाठीमागे घेऊन ताठ उभी होती. तिचं तोंड नुसतं हललं. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.

आमेन म्हणून तू सरळ जाऊन बसलीस. त्यांना उठून जायला भाषणच उरलं नाही. मी दार उघडलं आणि डीकनना म्हटलं, आता जा. ते गेले नाहीत.

तू हे मुद्दाम केलंस का ग? माझ्या पत्रातून काढलंस का? मी फक्त नियम लिहिला होता, देवाशपथ. त्याचं तू असं काही करशील हे मला स्वप्नातही आलं नव्हतं. प्रार्थनेचा असा उपयोग करतात का? मला अजून ठरवता आलेलं नाही. रात्रभर याच विचाराने कूस बदलत होते.

तुझ्यावर रागवावं की तुझी दृष्ट काढावी ते कळेपर्यंत माया तशीच राहू दे.

तुझी
इस्मे मावशी


वॉशिंग्टन
२९ मे १९७२

ती. मावशीस टिलीचा सा. न. वि. वि.

देवाशपथ मीही घेते. माझ्या पर्समध्ये चार पानी भाषण होतं. डीकनांचा बाक करकरला आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला. त्या अंधारात एकच गोष्ट होती, माझ्या लहानपणची तुझी ती घट्ट पकड, प्रार्थना चालू असताना मी पळायला लागले की मनगटाला बसायची ती. हलू नकोस, असं सांगणारी. मग तुझं पत्र आठवलं. तीनदा वाचूनही जे कळलं नव्हतं ते तिथे उभी राहिल्यावर कळलं. तू सांगितलं नसशील, पण मी तुझ्याकडूनच शिकले.

आणि मी ढोंग केलं नाही. भाषणात मी ओडेसाबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. डोळे मिटल्यावर ते आपोआप बाहेर पडलं. लोकांसमोर मला ते कधी बोलता आलं नसतं.

फोटो पाहिलास ना? दाराच्या काचेतून काढलाय. निघून जाणारी मंडळी कुठेच नाही. नुसते डीकन कॉर्बिन, टोपी छातीशी, मान खाली, आणि शेजारी तू. खाली छापलंय, की विरोधकही टिली ग्रीनिजच्या प्रार्थनेत सामील. मी आधी हसले. मग काल लव्हिनियाचा फोन आला आणि माझं हसू जिथल्या तिथे राहिलं.

तुझा दारसेवेचा बिल्ला काढून घेतला? दारसेवेतून तुला काढलं, आणि तू मला कळवलंही नाहीस? मी डीकनांच्या मंडळाच्या सभेला येते. पेपरात लिहिते. ज्या बाईने तो नियम अक्षरशः पाळला तिलाच नियम मोडला म्हणून काढतात, हे मी साऱ्या देशाला सांगेन. फक्त तू हो म्हण.

माझ्यापायी एकीची नोकरी गेली आणि आता एकीचं दार गेलं. हे मी कसं सोसू ते सांग.

उत्तर लवकर लिही. तुझा हात डोक्यावर असू दे, या आठवड्यात तो फार लागणार आहे.

तुझी
टिली


ब्रुकलिन
बुधवार, २१ जून १९७२

चि. टिलीस मावशीचे अ. उ. आ., आणि या वेळी चापट नाही.

जिंकलीस. पहाटे अगाथाने खिडकीतून ओरडून सांगितलं. थोडक्यात जिंकलीस असं म्हणतात, पण थोडक्यात म्हणजे जिंकलीसच ना. मी खाटेवर बसले आणि गुडघे चोळत राहिले, ज्यांची कीर्ती तू वॉशिंग्टनपर्यंत नेलीस.

तुला उत्तर लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू आली असतीस. निवडणुकीच्या तोंडावर चर्चच्या दारात भांडण कशाला? बिल्ला डीकन कॉर्बिननी स्वतः येऊन नेला. टोपी गुडघ्यावर ठेवून बसले, पण मॉबी घेतली नाही. म्हणाले, सिस्टर गिटन्स, तुम्ही नियमाप्रमाणेच वागलात, हे मला माहीत आहे, पण मंडळाने ठरवलंय. मी बिल्ला कापसात गुंडाळून दिला. ते गेल्यावर रडले, ते तुला सांगून टाकते.

पहिल्या रविवारी मी बाकावर जाऊन बसले, इतर लोकांसारखी. हात कुठे ठेवावेत तेच कळेना. दारात बघते तर कोणी नाही. ओडेसा, दारसेवेतल्या पोरी, सगळ्या येऊन माझ्या मागच्या बाकांवर बसलेल्या, साध्या कपड्यांत. दारं आपली उघडी आणि लोक वाटेल तेव्हा येत-जात होते. दानाची थाळी फिरत आली, त्यात दारसेवेच्या पोरींनी काढून टाकलेले पांढरे हातमोजे. वरचा जोड लव्हिनियाचा होता, ती दारसेवेत नसूनही; तिच्या मनगटाची लेस मी ओळखते. पास्टरांनी थाळी हातात घेतली आणि तशीच, हातमोज्यांसकट, वेदीवर ठेवली. तेव्हापासून दार रिकामंच आहे. मंडळाच्या सभांवर सभा होतायत, होऊ देत.

त्याच दिवशी आणखी एक झालं. पास्टर म्हणाले, प्रार्थना करू या, आणि मी नेहमीसारखी डोळे उघडे ठेवून बसले. मग लक्षात आलं, की आता मला मिटता येतात. या चर्चमध्ये मी आजवर प्रार्थनेत डोळे मिटलेच नव्हते ग. मिटले आणि घाबरले. इतका अंधार, आणि कोण कुठे आहे काही कळत नाही. तू त्या अंधारात उभी राहून तेवढा वेळ बोललीस कशी, याचाच मला धक्का बसला. तेव्हा माझा राग गेला. ती प्रार्थनाच होती, टिली. मी दारातून बघत होते म्हणून मला कळलं नव्हतं.

काल मतदान केंद्रावर, शाळेत, मला मदतनीस म्हणून दारापाशी बसवलं होतं. बायका हसल्या, म्हणाल्या, इस्मेला दाराशिवाय करमत नाही. डीकन कॉर्बिन दुपारी आले. पायरीवर थांबले. मला वाटतं त्यांना वाटलं, मी अडवते की काय. मी उठले, दार पूर्ण उघडून धरलं. म्हटलं, या, इथे कोणाला बंदी नाही. ते आत गेले, बाहेर आले, आणि जाताना टोपी काढली.

ओडेसा शेवटी आली. तिला इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम मिळालंय, तिचं तिने मिळवलं. चर्चला घालते ती जांभळी टोपी घातली होती. मत देऊन बाहेर आली, माझ्यापाशी थांबली आणि तुझ्यासाठी निरोप दिला. तो शब्दाला शब्द लिहिते, कारण तिने मला दोनदा म्हणायला लावला. म्हणाली, "टिलीला सांग, माझं नाव घेताना तिने तेव्हाही मला विचारलं नव्हतं. पण आमेन मी म्हटलं."

आता त्या कायद्याच्या मागे लाग. इकडची काळजी करू नकोस. जीव लावतेस तसाच लावत जा, आणि कोणाच्या स्वयंपाकघरात शिरायच्या आधी दारावर टकटक करत जा.

तुझी
मावशी